तीस दिवसांचा शिक्का

१

लांबचा व्हिसा अकरा दिवसांत येत नाही. बावीस वर्षं मी एका खासगी कार्यालयात लोकांचे व्हिसाचे अर्ज तपासते आहे, एवढं तर मला झोपेतही कळतं. म्हणून मंगळवारी सकाळी शिवणबाईंचा पासपोर्ट पाकिटातून बाहेर पडला आणि सगळे "वा, किती लवकर आला!" म्हणू लागले, तेव्हा मी तो आधी तपासायला घेतला.

शिवणबाई टेबलापलीकडे खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या. वय सदुसष्ट. चाळीस वर्षं त्यांनी मुलींना शिवणकाम शिकवलं, त्यामुळे खऱ्या नावानं त्यांना कोणी हाक मारत नाही. धाकटी लेक सात वर्षांपासून परदेशात. त्या सात वर्षांत एकदाही भेट नाही, कारण आधी नवऱ्याचं आजारपण, मग थोरल्या मुलाची पोरं. आता कुठे त्यांनी ठरवलं होतं की सहा महिने धाकटीकडे जाऊन राहायचं.

मी पासपोर्टचं पान उघडलं. पर्यटन, अल्प मुक्काम. तीस दिवस. एकच प्रवेश. आणि त्याखाली बारीक अक्षरात, पंधरा दिवसांच्या आत देशात प्रवेश केला नाही तर व्हिसा बाद.

त्या देशाचे फिरायला जाणाऱ्यांसाठी दोनच व्हिसा आहेत. छोटा दहा-बारा दिवसांत मिळतो, पण तीस दिवसांच्या वर एक दिवस राहू देत नाही, आणि तिथे गेल्यावर वाढवूनही मिळत नाही. लांबचा सहा महिन्यांचा असतो, पण तो यायला दोन महिने लागतात. आम्ही लांबचा मागितला होता. मी स्वतः तपासला होता.

"तीस दिवस?" शिवणबाई म्हणाल्या. "अहो, तीस दिवस तर बॅग उघडून बंद करण्यात जातील."

"काहीतरी घोटाळा झालाय, ताई."

"मग हा घोटाळा परत पाठवा. सात वर्षं वाट बघितली ती महिनाभरासाठी नाही. लेकीकडे मला पाहुणी म्हणून जायचंच नाहीये."

आमचे मालक लगेच पुढे सरसावले. एका देशाचे दोन व्हिसा एका वेळी ठेवता येत नाहीत, तेव्हा आधी हा रद्द करायचा आणि मग लांबचा नव्यानं मागायचा. "शुक्रवारी या, रद्द करायच्या अर्जावर सही करा, बाकी सगळं आमच्याकडे लागलं," असं म्हणून त्यांनी शिवणबाईंना दारापर्यंत सोडलं. परत येताना त्यांची नजर आमच्या टंकलेखकावर होती.

मी फाइल ओढून घेतली. पाठवलेल्या अर्जाच्या पहिल्याच पानावर छोटा व्हिसा मागितलेला होता. आणि फाइलच्या कव्हरवर, त्याच पानाच्या आकड्यापुढे, माझ्या हातची लाल खूण होती.

२

आमची पद्धत सांगते, म्हणजे माझं कुठे चुकलं ते कळेल.

अर्ज आधी संगणकावर कच्चा भरतात. मी तो छापून घेते, भिंग लावून वाचते, आणि पान बरोबर असलं की कव्हरवर लाल पेन्सिलीनं खूण करते. एकदा खूण झाली की ते पान पुन्हा कोणी उघडत नाही. पुढे फोटो, निमंत्रणपत्र वगैरे राहिलेले कागद चढवायचे आणि अर्ज पाठवून द्यायचा. माझ्या खुणेवर सगळ्यांचा विश्वास, आणि मलाही त्याचा थोडा गर्व होताच. पाठीमागे मला भिंगवाली म्हणतात, तेही मला आवडायचं. आता दिव्याखालीच अंधार निघाला होता.

त्यात आणखी एक शहाणपणा. कच्च्या अर्जाचा पासवर्ड आम्ही कव्हरच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो आणि घरच्यांनाही देतो, फोटो त्यांनीच चढवावा म्हणून. कुणी काय बदललं ते त्या संकेतस्थळावर दिसत नाही.

टंकलेखक पन्नाशीचा आहे. कळा इतक्या जोरात आपटतो की त्याला सगळे टकटक म्हणतात. तो त्या दिवशी एक शब्दही न टाइप करता बसला होता.

"मॅडम, मालक म्हणाले, शुक्रवारी संध्याकाळी टेबल रिकामं करा."

"तू काय भरलं होतंस?"

त्यानं खणातून पंधरा दिवसांपूर्वीच्या सोमवारची छापील प्रत काढली. माझ्या भिंगाखालून गेलेली हीच ती. लांब मुक्काम, एकशे ऐंशी दिवस, प्रवेशाची तारीख चार महिन्यांनंतरची. सगळं ठीक. म्हणजे सोमवारी मी खूण केल्यापासून शुक्रवारी मालकांनी अर्ज पाठवेपर्यंत मधल्या चार दिवसांत कुणीतरी हात मारला होता.

मी दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. व्हिसाचा प्रकार बदललेला. मुक्काम एकशे ऐंशीचा तीस झालेला. आणि प्रवेशाची तारीख चार महिन्यांवरून उचलून पुढच्या पंधरवड्यात आणलेली.

"माझ्या बोटाची चूक असेल का हो?" टकटकनं घाबरत विचारलं. एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर माणसाला स्वतःचीच शंका यावी, याचं मला फार वाईट वाटलं.

"बोट घसरलं तर एक चौकट चुकते. इथे तीन चुकल्यात, आणि तिन्ही एकमेकींशी जुळतात. छोट्या व्हिसापुढे एकशे ऐंशी राहिले असते तर संकेतस्थळानंच अर्ज अडवला असता. हे कुणीतरी नियम वाचून, शांतपणे बसून केलंय."

"पण कशासाठी? बिचाऱ्या बाईला छळायला?"

ते मलाही कळत नव्हतं. त्या चार दिवसांत पासवर्ड होता शिवणबाईंकडे, त्यांच्या थोरल्याकडे आणि सूनबाईकडे. तिघंही एकाच घरात राहत होती, तेव्हा बुधवारी मी ते घर गाठलं.

३

शिवणबाईंची खोली अरुंद होती. खिडकीला लागून शिलाई मशीन, पलंगावर कापडांचे गठ्ठे, आणि भिंतीवर टाचणीनं लावलेली एक यादी. धाकटीच्या घरचे पडदे. दोन गोधड्या. उशांचे अभ्रे. शेवटी, धाकटीचा कोट.

"कोटाचं अडलंय," त्या म्हणाल्या. "माप मागते तर देत नाही बया. म्हणते, तू आलीस की घे. सात वर्षांपूर्वीच्या मापानं कापड कापायचं म्हणजे अंदाजपंचे काम. मला नाही आवडत."

"फोनवर दिसते ना? अंदाज येईल."

"कुठली दिसतेय! कॅमेरा लावतच नाही हल्ली. नेट चांगलं नाही म्हणते. गेल्या वेळी दोन मिनिटं दिसली तर डोक्यावर लोकरीची टोपी, घरात बसून! तिथे म्हणे फार थंडी." मग गोधडीच्या कापडावरून हात फिरवत म्हणाल्या, "तिच्या बाबांच्या आजारपणात चौदा महिने मी या खोलीतून हलले नाही. तेव्हा ही पोर रोज फोन करायची आणि मी 'नंतर बोलू' म्हणून ठेवून द्यायचे. ते सगळं मला फेडायचंय. सहा महिने नुसतं तिच्याशी बोलत बसायचंय."

त्यांनी हे अगदी हसत सांगितलं आणि मला मात्र पाणी मागावं लागलं.

थोरला नेमका तेव्हाच कामावरून आला. मला पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी त्याला बाहेरच्या खोलीत गाठलं.

"आईनं सहा महिने जावं, हे तुम्हाला पसंत नव्हतं."

"कुणी सांगितलं? हिनं?"

"तुमच्या चेहऱ्यानं."

तो धपकन खुर्चीत बसला. "नव्हतं पसंत. दोन महिने पुरेत म्हणालो होतो. आम्ही दोघं दिवसभर बाहेर, पोरांचं सगळं आईच बघते. पुढच्या महिन्यात दोघांची परीक्षा आहे. मी हातापाया पडून आईला परीक्षेनंतरची तारीख घ्यायला लावली. पण मॅडम, मला माझी आई घरात हवी असते, हा गुन्हा झाला का?"

"अर्जाला आईंचा फोटो कुणी चढवला?"

"मी. त्या आठवड्यातल्या बुधवारी." तो माझ्याकडे रोखून बघायला लागला. "फोटोशिवाय मी कशालाही हात लावलेला नाही."

सगळे असंच म्हणतात. मी सूनबाईकडे गेले. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती आणि माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

"संशय माझ्यावरच येणार, माहितीये मला. सासू-सून म्हटलं की लोकांना दुसरं सुचतच नाही."

"आल्या आल्या सासूबाईंच्या खोलीत भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या. तुम्ही माप घेतलंय."

तिनं हातातला टॉवेल खाली केला. "घेतलंय. पोरांना अभ्यासाला जागा नाही. त्या सहा महिने गेल्या की तिथे दोन टेबलं लावीन म्हणाले होते. मग मीच त्यांना तीस दिवसांत परत का बोलावीन? मला तर त्या वर्षभर गेल्या तरी चालतील. आता हे ऐकायला वाईट वाटतं, पण खोटं कशाला बोलू?"

तिचं म्हणणं बिनतोड होतं. मी जायला निघाले, तेव्हा ती मागून म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. त्याच आठवड्यात गुरुवारी वन्संचा फोन आला होता मला. त्यांनी पासवर्ड मागितला. निमंत्रणपत्र मी स्वतःच चढवते म्हणाल्या. मी दिला."

४

वन्सं म्हणजे धाकटी. शिवणबाईंना बोलावणारी, त्यांची वाट बघणारी. तिच्यावर संशय घ्यायचा म्हणजे मला माझीच लाज वाटत होती. तरी गुरुवारी सकाळी मी पहिलं काम केलं ते दोन्ही प्रती पुन्हा समोर घेऊन बसायचं. टकटक शेजारी येऊन उभा राहिला.

"आपण सगळे तीस या आकड्याकडे बघत बसलो," मी त्याला म्हणाले. "तारखेकडे बघितलंच नाही. थोरल्याला आई घरात हवी आहे. त्यानं मुक्काम कमी केला असता, मान्य. पण पोरांची परीक्षा तोंडावर असताना त्यानं तारीख अलीकडे ओढली असती का?"

"नाही. त्याचंच नुकसान."

"सूनबाईला खोली लवकर रिकामी हवी असेल, तर तारीख अलीकडे ओढणं तिच्या सोयीचं. पण मग मुक्काम कमी का करेल?"

"तीही नाही."

"शिवणबाईंना तर सहा महिने हवेत. म्हणजे हे करणाऱ्याला दोन गोष्टी हव्या होत्या. बाईंनी लवकर यावं, आणि लवकर परत जावं. दोन महिने लागणारा व्हिसा त्याला परवडत नव्हता, म्हणून अकरा दिवसांत येणारा घेतला."

टकटकनं डोकं खाजवलं. "इतकी घाई असलेला माणूस घरात तर कुणी दिसत नाही."

घरात नव्हताच. आमच्या फाइलमध्ये धाकटीचं जुनं निमंत्रणपत्र होतं, कागदावर आलेलं. तिनं त्या गुरुवारी संगणकावर चढवलेलं पत्र आम्ही कुणी छापूनही घेतलं नव्हतं, कारण आमच्या लेखी ते एकच पत्र होतं. आता मी ते उघडलं. मजकूर तोच. सही मात्र वेडीवाकडी, आणि पत्ता बदललेला. जुन्या पत्रात चौथ्या मजल्यावरचं घर होतं. नव्यात लिहिलं होतं, तळमजला, खोली नऊ.

मी तो पत्ता नकाशावर टाकला. रस्त्याचा फोटो आला. बसकी पिवळी इमारत, दारापाशी पायऱ्यांऐवजी उतार, आणि उतारावर रिकामी चाकांची खुर्ची. मागे तिच्या दसपट उंच इमारत होती. भिंग लावून मी पाटी वाचली. रुग्णनिवास. मागच्या रुग्णालयात दीर्घ उपचार घेणाऱ्यांसाठी.

माप न देणं, कॅमेरा बंद ठेवणं, घरात लोकरीची टोपी. सगळं माझ्यापुढे भिंतीवर टाचून ठेवल्यासारखं होतं आणि मी पेन्सिलीच्या खुणा शोधत फिरत होते.

टकटकनं वाचलं आणि फोन माझ्यापुढे सरकवला. मी पत्रावरचा नंबर फिरवला.

५

तिकडे सकाळ होती. आवाज बारीक होता, पण त्यात हसू होतं.

"मी तुमच्या आईंचा अर्ज तपासणारी बाई बोलतेय. व्हिसा आलाय."

"आला? कितीचा आला?"

"तुम्ही मागितलात तेवढ्याचा."

तिच्या आवाजातलं हसू गेलं. मग म्हणाली, "थोडं थांबता? दार लावून घेते." दार लावायला तिला फार वेळ लागला. मी पावलं ऐकत होते. चार पावलं, मग थांबणं, मग पुन्हा चार.

"मावशी म्हणू का तुम्हाला? मावशी, डॉक्टर म्हणाले तीन महिने. त्यातला पहिला दीड महिना बरा जाईल म्हणाले. चालता येईल, जेवता येईल, नुकतेच केस कापून घेतल्यासारखा दिसणारा केसांचा टोप घालून बसता येईल. आईचा चार महिन्यांनंतरचा अर्ज बघितला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा मी नसणारच ना!"

"मग लांबचाच ठेवून तारीख अलीकडे आणायचीत."

"तो यायलाच दोन महिने लागतात. वाचलं मी सगळं. आणि समजा आला असता, तर ती सहा महिने राहिली असती. शेवटपर्यंत." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "बाबांचं चौदा महिने तिनं केलं. पाठ धुण्यापासून सगळं. बाबा गेल्यावर ती वर्षभर मशीनवर बसली नव्हती. तिला पुन्हा ते बघायला लावायचं? माझे तीस दिवस चांगले आहेत, मावशी, आणि तेवढे दिवस मला चौथ्या मजल्यावरच्या माझ्या घरी राहू देणार आहेत. तेवढे तिला देते. मग ती बॅग भरून जाईल, मी दारात उभी राहून हात हलवीन, आणि तिला वाटेल, पोरगी बरी आहे. थोडी बारीक झालीये."

माझ्या डोळ्यांसमोर कागद धूसर झाले. फाइल ओली होऊ नये म्हणून मी ती बाजूला सरकवली.

"एक गडबड झालीये, पोरी. आई म्हणतात, तीस दिवसांचा नकोच. उद्या सकाळी येऊन रद्द करणार आहेत. लांबचा पुन्हा मागणार."

"नाही!" ती जवळजवळ ओरडली, आणि मग खोकत राहिली. "नाही मावशी. सही करू देऊ नका. दोन महिन्यांनी मी... तिला काहीही सांगा. नियम बदलले सांगा. फक्त माझं सांगू नका. शपथ घ्या."

"मला खोटं बोलता येत नाही. बावीस वर्षं दुसऱ्यांचं खोटं पकडण्यातच गेली."

"मग बोलू नका. पण सांगायचं नाही."

मी शपथ घेतली. दुसरं काय करणार होते?

६

शुक्रवारी दहाला शिवणबाई आल्या. सोबत कुणी नव्हतं. मालकांनी रद्द करायचा अर्ज काढून ठेवलाच होता. त्यांनी पेन पुढे केलं आणि मी ते मधेच घेतलं.

"ताई, जाऊन या ना तीस दिवस. आल्यावर लांबचा मागू."

"आता जाऊन आले की थोरला पुन्हा सोडायचा नाही. ओळखून आहे मी त्याला. जायचं तर एकदाच, आणि पोटभर." त्यांनी पेनासाठी हात पुढे केला.

"नियम बदलतायत. पुढे मिळेल न मिळेल."

"काल फोनवर तुमचे मालक म्हणाले, नियम तेच आहेत."

मालक खाकरले. मी त्यांना आतल्या खोलीत जायला सांगितलं. त्या कार्यालयात मी मालकांना कधी हुकूम दिला नव्हता, पण ते गेले. बाहेर टकटक होता, त्यानं मान खाली घातली.

शिवणबाई माझ्याकडे बघत होत्या. चाळीस वर्षं मुलींची चुकलेली शिवण पकडलेले ते डोळे.

"कुणी बदललं ते कळलंय तुम्हाला."

मी पेनाला टोपण लावलं.

"या टंकलेखकानं?"

"नाही. त्याची काही चूक नाही," मी आतल्या खोलीतल्या मालकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

"थोरल्यानं? सांगा, मी काही त्याला फासावर नाही देणार."

"नाही हो."

"सूनबाईनं?"

"तिनंही नाही."

"मी तर नाहीच केलं." त्या थांबल्या. मग त्यांनी पासपोर्ट उघडून तो शिक्का पुन्हा वाचला. बोट तीस या आकड्यावरून खाली त्या बारीक अक्षरांवर गेलं आणि तिथेच राहिलं. पंधरा दिवसांच्या आत. मी मनातल्या मनात म्हणत होते की वाचू नका, आणि त्याच वेळी म्हणत होते की वाचा.

"मग एकच उरली," त्या हळूच म्हणाल्या.

मी शपथ पाळली. पण माझे डोळे काही माझं ऐकेनात, आणि त्यांनी ते बघितलं.

"म्हणून माप देत नाही." त्यांचा हात आपोआप हवेत उठला आणि त्यांनी काहीतरी अरुंद, अगदी अरुंद मोजल्यासारखं केलं. "किती बारीक झाली असेल हो माझी पोर?" आणि मग त्या रडल्या. तोंडावर पदर नाही, आडोसा नाही, खुर्चीच्या कडेवर ताठ बसून रडल्या. टकटक उठून पाणी घेऊन आला आणि ग्लास हातात धरून तसाच उभा राहिला.

बऱ्याच वेळानं मी म्हणाले, "ताई, तिसरा एक रस्ता आहे. आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांचा व्हिसा वेगळा असतो. तो शेवटपर्यंत राहू देतो. तिथे असतानाही मागता येतो. पण त्याला रुग्णालयाचा दाखला लागतो. म्हणजे धाकटीनं स्वतः सांगायला हवं."

"तिला नकोय ना मी ते बघायला?"

मी टकटकच्या हातातला ग्लास घेऊन त्यांच्यापुढे ठेवला.

"बाबांच्या वेळचं बघून घाबरली असेल. मला जपतेय. मीच शिकवलं, दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही." त्यांनी डोळे पुसले. "मी विचारणार नाही. ती म्हणाली थंडी आहे, तर थंडी आहे म्हणेन. कोट मात्र तिथे गेल्यावर तिच्या अंगावर माप घेऊन शिवीन. सांगावंसं वाटलं तर सांगेल. आणि तिनं राहा म्हटलं, तर तुमच्या त्या तिसऱ्या व्हिसासाठी मी त्या देशाच्या दारात बसून राहीन."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर तिसाव्या दिवशी बॅग भरेन, आणि दारात हात हलवेन. तिला तेवढंच द्यायचंय, तर तेवढं नीट घेता यायला हवं मला."

त्यांनी रद्द करायचा अर्ज उचलला, चार घड्या करून माझ्या टेबलावर ठेवला. मग पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"तिकीट तुम्हीच काढून देता ना? हे तीस दिवस कधीपासून धरतात?"

"विमानातून उतरलात की शिक्का मारतात. तो दिवस पहिला."

"रात्री अकराला उतरले तरी?"

"तरी पूर्ण एक दिवस धरतात."

टकटकनं न सांगताच विमानांची यादी उघडली होती. कळा अगदी हळू वाजत होत्या.

"मग सकाळी उतरणारं बघा," शिवणबाई म्हणाल्या. "अगदी पहिलं."